ग्राफिक्स कार्डाच्या आधी तिसरी हार्ड डिस्क

एडिटिंगसाठी पीसी असेंबल करून घ्यायचा म्हटलं, की कोटेशनची पहिली ओळ ग्राफिक्स कार्डाची असते. हार्ड डिस्क सगळ्यात खाली, उरल्या पैशांत बसेल ती. लग्नं, कुस्त्यांची मैदानं, यूट्यूबची कामं करणाऱ्यांनी हा क्रम उलटा धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्ड जळालं तर दुसरं मिळतं, काम चार दिवस लांबतं. अक्षतांचं फुटेज गेलं तर त्या घरचं लग्न पुन्हा लागत नाही, आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात अर्ध्या मिनिटात निकाली झालेली कुस्ती कॅमेऱ्यासाठी कोणी परत लावत नाही.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात न करता कॅमेऱ्याच्या मेनूपासून करा. तिथे ‘१०० एमबीपीएस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे मेगाबिट आहेत. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. हळद आणि लग्न असे दोन दिवस, दोन कॅमेरे, प्रत्येकाचं दिवसाला तीन तास प्रत्यक्ष रेकॉर्डिंग धरलं तर बारा तासांचे ५४० जीबी झाले. तेच १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात, १४० एमबीपीएसने घेतलं तर ७५६ जीबी. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत १०० एमबीपीएसनेच अशी वीस लग्नं केली, तरी जवळजवळ अकरा हजार जीबी, म्हणजे ११ टीबी माल जमतो. त्याच्या तीन प्रती म्हणजे ३३ टीबी. हा आकडा कोटेशनच्या पहिल्या ओळीत हवा.

एवढं सगळं कायम सांभाळणं कोणालाच परवडत नाही. त्यावर उपाय पार्टीशी बोलण्यात आहे: फिल्म दिल्यानंतर मूळ फुटेज किती महिने ठेवणार, हे बुकिंगच्या कागदावरच लिहा. मुदत संपली की कळवा, हवं असेल तर त्यांच्या डिस्कवर द्या आणि जागा मोकळी करा. डिस्क घेताना आणखी एक लक्षात ठेवा. खोक्यावरची ४ टीबी कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे संगणकावर ती ३.६३ दिसते. डिस्क खोटी नसते, पण हिशेब काठोकाठ केला असेल तर शेवटचं लग्न तिच्यात मावत नाही.

आता टाइमलाइन का अडकते ते पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच चुकीच्या जागी जातो. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढीच नोंद असते. तुम्ही मधल्याच एखाद्या फ्रेमवर कर्सर नेला, की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सुरुवात करून तिथपर्यंतचं सगळं उलगडावं लागतं. काही फ्रेमसाठी तर पुढचीही फ्रेम आधी उलगडावी लागते. सलग प्ले करताना हे निभतं. इकडून तिकडे उड्या मारताना, आणि एडिटिंग म्हणजे तेच, दम लागतो. हे काम प्रोसेसरच्या किंवा कार्डाच्या आत बसवलेला एक स्वतंत्र डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) करतो आणि तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका प्रकार त्याला येत नसेल, तर कार्ड कितीही महागाचं असलं तरी सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आजच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत एच.२६५, १०-बिट, ४:२:२ असा प्रकार असतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना तो डिकोड करता येत नाही. ही सोय ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र तो ११व्या पिढीपासून येतो, आणि ॲपलच्या एम१ पासून पुढच्या सगळ्या चिपांनाही येतो. तेव्हा इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. तो थोडा स्वस्त पडतो, कारण त्यात आतलं ग्राफिक्स चालतच नाही. गेम खेळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. लग्नाच्या फुटेजवर मात्र तीच बचत रोज अंगाशी येते.

एफ नसलेला प्रोसेसर घेतला तरी काम संपत नाही. वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये इंटेलचं डिकोडिंग निवडा. मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये इंटेलच्या जीपीयूवर क्लिक करा आणि क्लिप प्ले करा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर गेला तर डिकोडर कामाला लागला. तो शून्यावर आणि सीपीयू ९० टक्क्यांवर असेल, तर अजून काहीतरी बंद आहे. दुकानात मशीन ताब्यात घेण्यापूर्वी आपल्याच कॅमेऱ्याची दोन मिनिटांची क्लिप पेन ड्राइव्हवर नेऊन ही चाचणी करावी. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरणार असाल तर त्याच भेटीत ती क्लिप तिच्यात नीट उघडते का, तेही बघा.

जुनं मशीन बदलायचं नसेल तर प्रॉक्सी करा, म्हणजे फुटेजच्या एडिटपुरत्या हलक्या प्रती. १०८० मध्ये प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी हा प्रकार घेतला तर तासाला साधारण १७ जीबी लागतात. यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीचा संगणकही झरझर चालतो. रात्री प्रॉक्सीला लावून झोपायचं, सकाळी एडिटला बसायचं. एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतो, दर्जा जात नाही.

रॅम ४के साठी ३२ जीबी पुरते. ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्या आणि चार खाच्यांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. एकच पट्टी लावली की रॅमचा वेग अर्ध्यावर येतो. ग्राफिक्स कार्डावर किमान ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असावी; नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) वापरत असाल तर १२.

एसएसडी दोन ठेवा: एक विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरी २ टीबीची चालू कामासाठी. स्वस्त एसएसडीची गंमत अशी, की पहिले काही जीबी ती झपाट्याने लिहिते, मग तिची वेगवान कॅशे (तात्पुरती जागा) भरते आणि वेग साध्या हार्ड डिस्कच्या खालीही घसरू शकतो. पाच जीबीची चाचणी फाइल टाकून हे कळत नाही, दोनशे जीबी टाकल्यावर कळतं. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर (डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती), हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं जुन्या जागेवर नवीन लिहिताना तिला शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. एकदा भरून कपाटात ठेवायला ती चालते, रोजच्या कामाला किंवा रेडला (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायला) नको.

कार्ड रिकामं करणं

फुटेज जातं ते बहुतेक वेळा इथे. मांडवातून रात्री दोनला आल्यावर, डोळ्यांवर झोप असताना. कार्डातलं सगळं फोल्डर जसंच्या तसं उचला, नुसत्या क्लिपा निवडून घेऊ नका. बाजूच्या छोट्या फाइलींत लांब क्लिपचे तुकडे जोडण्याची माहिती असते. कॉपी साध्या ड्रॅगने न करता पडताळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने करा. टेराकॉपीमध्ये ‘व्हेरिफाय’ चालू केलं की ते मूळ आणि प्रत यांचे चेकसम, म्हणजे फाइलींवरून काढलेले ओळख-आकडे, जुळवतं. वेळ वाढतो, पण एक बिट जरी चुकला तरी ते दाखवतं. केबल निळ्या पोर्टलाच लावा: यूएसबी २.० वर सेकंदाला जेमतेम ४० मेगाबाइट मिळतात, म्हणजे ५४० जीबीला पावणेचार तास. हार्ड डिस्कला १५० मिळाले तर तेच काम तासात होतं.

दोन वेगळ्या डिस्कवर पडताळलेल्या प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं. नवीन कार्ड पहिल्या कामाआधी एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड २५६ जीबी असल्याचं संगणकाला खोटंच सांगतं आणि आतली खरी जागा संपली की जुन्यावरच लिहीत सुटतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेसारख्या ठिकाणी कार्ड बदलताना हाताचा गुलाल आधी पुसा. त्याची बारीक पूड कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसली, की ‘कार्ड एरर’ येऊ शकतो.

तीन प्रती, आणि पंचगंगा

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी: फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा ३-२-१ नियम. रेड १ ला प्रत समजू नका. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात, म्हणून फोल्डर चुकून डिलीट झालं की दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. फ्रीफाइलसिंक किंवा रोबोकॉपी या प्रती जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ‘मिरर’ पर्यायही असाच: मूळ फोल्डर रिकामं असताना चालवला तर तो प्रतही इमानदारीने रिकामी करतो. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘व्हर्जनिंग’ चालू ठेवा, म्हणजे काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात राहतात.

बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० पासून कोल्हापुरातच मूकपट काढले. त्यातले बहुतेक आज बघायलाही मिळत नाहीत. तेव्हाची नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, नाहीतर आपोआप कुजायची, आणि प्रती मोजक्याच असायच्या. त्या मानाने आज प्रत काढणं सोपं आहे.

दुसरी जागा निवडताना कोल्हापूरचा नकाशा समोर ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. स्टुडिओ व्हीनस कॉर्नरला आणि तिसरी प्रत शाहूपुरीत मावशीकडे, तर एकाच पुरात दोन्ही सापडतात. प्रत राजारामपुरी किंवा सागरमाळासारख्या उंच भागात ठेवा, तीही मृगाच्या आधी. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडल्यावर डिस्क पुण्याला पाठवायचं सुचून उपयोग नाही.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच घ्या. एसएसडी विजेविना महिनोन्‌महिने पडली, विशेषतः वापरून झिजलेली आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत, तर तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि वर्षातून दोनदा लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा होत असलेल्या जागा) यांच्या रॉ व्हॅल्यूमध्ये शून्याहून वेगळा आकडा दिसला, आणि तो वाढत असेल, तर त्याच दिवशी माल हलवा. त्याच बैठकीत एखादं जुनं प्रोजेक्ट त्या प्रतीवरून खरोखर उघडून बघा.

क्लाउडवर सगळं चढवायचा हट्ट नको. अपलोडला २० एमबीपीएस मिळाले तर ५०० जीबीला सलग ५५ तास लागतात. तिथे तयार फिल्म आणि प्रोजेक्ट फाइल रोज जाऊ द्या. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, म्हणून ते आठवणीने एक्सपोर्ट करा. नुसतं फुटेज वाचलं आणि प्रोजेक्ट गेलं, तर महिनाभराचं एडिट पुन्हा पहिल्यापासून.

वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा डिस्क लिहीत असेल, तर फोल्डरची नोंदच बिघडते. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर जास्तच, कारण अर्धवट राहिलेली नोंद सावरायची सोय तिच्यात नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. रेंडरला लागलेलं मशीन तो तिथेच सोडून देतो. १००० ते ११०० व्हीएचा, शक्यतो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) घ्या. जुन्या वाड्यात स्टुडिओ असेल तर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो तीनच्या वर असेल तर आधी अर्थिंग, मग संगणक.

आणि डिस्क पाण्यात बुडालीच, तर ती चालू होते का हे बघण्यासाठी वीज जोडू नका. उन्हात, तांदळात किंवा हेअर ड्रायरने वाळवूही नका. पुराच्या पाण्यातला गाळ तबकडीवर वाळला, की रीडिंग हेड त्यावर घासतं आणि डेटाचा थर खरवडला जातो. ओलीच झिप पिशवीत बंद करा, वर बुडाल्याची तारीख आणि किती तास पाण्यात होती ते लिहा, आणि तशीच डेटा रिकव्हरीवाल्याच्या हातात द्या.