नेकेड बाइकवर लांबचा पल्ला: वारा नेमकं काय करतो?

नाशिकमधल्या बाइकवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. केटीएमची ड्यूक किंवा ट्रायम्फची स्पीड ४०० अशा नेकेड, म्हणजे पुढे कवच नसलेल्या उघड्या गाडीवर गोवा, हंपी असा पल्ला जमतो का, की त्यासाठी पुढे काच आणि फेअरिंग (वारा अडवणारं कवच) असलेली टुरिंग गाडीच हवी? उत्तर बहुतेक वेळा ‘छातीवर वारा बसतो रे, थकशील’ इथेच संपतं. वारा बसतो हे खरंच आहे. पण किती बसतो आणि कोणत्या वेगाला, हे आकड्यांत मांडलं की चित्र बरंच बदलतं.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दीडपट केला की रोध सव्वादोन पट होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. घनमीटरला १.१ किलो धरू. फेअरिंग नसलेल्या गाडीवर बसलेल्या माणसाचं धड, खांदे आणि हेल्मेट मिळून होणारा अडथळा लक्षात घेतला, तर ताशी ६० किलोमीटरला अंगावर साधारण साडेपाच किलोचा जोर येतो. ८० ला तो जवळपास १० किलो होतो, १०० ला १५ आणि १२० ला २२. अंगकाठी आणि जॅकेट यांनुसार आकडे इकडेतिकडे होतील, चढ मात्र असाच राहील.

आता बसण्याची पद्धत पाहा. रोडस्टरवर, म्हणजे अशा नेकेड गाडीवर, आपण अगदी ताठ नसतो, साधारण १२ अंश पुढे झुकलेले असतो. ७० किलोच्या माणसाचं कमरेवरचं शरीर ४७-४८ किलोचं असतं. एवढ्या झुकावाला ते जवळपास १० किलोच्या जोराने पुढे पडू पाहतं. नाशिकच्या कॉलेज रोडच्या गर्दीत हा भार मनगटं आणि पाठीचे स्नायू वाहतात, म्हणून शहरात तासाभरातच हात भरून येतात. महामार्गावर ८० च्या वेगाला वाराही छातीला तितक्याच, १० किलोच्या जोराने मागे रेटतो. दोन्ही जोर एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि मनगटं मोकळी होतात. सिन्नर ओलांडून संगमनेरकडे एका लयीत चालवताना अंगाला जो हलकेपणा जाणवतो, त्याचं कारण हे आहे. मला तर हा या गाड्यांचा सर्वांत सुंदर गुण वाटतो. १२० ला मात्र शिल्लक राहिलेले १२ किलो हातांनी हँडल ओढून पेलावे लागतात. मग खांदे आखडतात, मान दुखते आणि प्रवास शिक्षा होतो.

म्हणजे प्रश्न वाऱ्याचा कमी आणि वेगाचा जास्त आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. फेअरिंगवाल्या स्पोर्ट टुरिंग गाड्या वेगळ्या गरजेतून आल्या. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली, तिचं पूर्ण फेअरिंग विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, घडवलं होतं. जर्मनीच्या ऑटोबान महामार्गांवर अनेक टप्प्यांत वेगमर्यादाच नाही, तिथे तासन्तास १६० ने जाणाऱ्याला ते कवच हवंच. चांदवड-मालेगाव रस्त्यावर कांद्याच्या ट्रकमागे चालणाऱ्याची गरज तीच आहे, असं मानायचं कारण नाही.

समोरून वारा असेल तर हिशेब बिघडतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा ताशी २५ किलोमीटरचा असला आणि तुम्ही कसाऱ्याच्या दिशेने ८० ने निघालात, तर छातीला लागतो १०५ चा वारा, म्हणजे जवळपास १७ किलो. तेव्हा वेग ६०-६५ वर आणणं हाच उपाय. आडवा वारा मात्र नेकेड गाडीला कमी ढकलतो, कारण तिला ढकलायला बाजूचं मोठं पॅनेल नसतं.

इंजिनची चिंता तर सोडूनच द्या. ८० च्या वेगाला फक्त हवा कापायला सुमारे ५ अश्वशक्ती लागते, १२० ला १६-१७. स्पीड ४०० च्या ३९८ सीसी इंजिनात ४० च्या आसपास आहे.

खरा थकवा कानांतून येतो, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ताशी १०० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या पुढे सहज जातो. कानांसाठी आठ तासांची सुरक्षित पातळी ८५ डेसिबल मानतात आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. फोमचे साधे इअरप्लग नीट बसवले तर आवाज २० डेसिबलहून जास्त कमी होतो. छोटी काच बसवण्याआधी ते घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. नेकेड गाडीवर हेल्मेटपर्यंत येणारी हवा सरळ असते. आखूड काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात आणि डोकं हलायला लागतं. काच असेल तर मोकळ्या रस्त्यावर क्षणभर मान उंच करून पाहा. आवाज कमी झाला तर दोष काचेच्या उंचीचा आहे.

थंडी नसताना बोटं सुन्न होतात, त्यात वाऱ्याचा काही हात नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट मुख्य थरथर शमवतो, पण तिच्या दुप्पट वारंवारतेची थरथर उरते. ६००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला ६००० फेरे) ती सेकंदाला २०० वेळा होते. माणसाच्या बोटांची टोकं २०० ते ३०० च्या पट्ट्यातल्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असतात. ५००० वर आणलं की फरक लगेच कळतो.

हवामानापुढे मात्र नेकेड गाडी उघडी पडते. डिसेंबरात निफाडकडे पहाटे ८ अंश असताना ८० ने गेलात, तर उघड्या त्वचेला दीड-दोन अंशांची थंडी लागते. मेमध्ये मालेगावला ४२ अंश असतात तेव्हा उलटं होतं. हवा त्वचेपेक्षा गरम असल्याने वारा अंग तापवतो आणि थंडावा फक्त घाम वाळण्यातून येतो. त्या उन्हात जाळीचं जॅकेट पूर्ण उघडं ठेवलं तर घाम भराभर उडून अंगातलं पाणी आटतं. आत ओला टीशर्ट घालून जॅकेट बरंचसं बंद ठेवणं आणि दर तासाला पाणी पिणं चांगलं.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा घोटी-इगतपुरी करायचं असेल, मागे घरचं माणूस आणि बॅगाही असतील, तर मी फेअरिंगवाली गाडीच घ्या म्हणेन. नाशिक शहरापेक्षा तिथे कितीतरी पट पाऊस पडतो, आणि ओल्या छातीवर तासभर वारा घेऊन अंगात हुडहुडी भरली की ब्रेकवरची बोटं वेळेवर वळत नाहीत.