आंब्याच्या पेट्या, गुणपत्रक आणि अधिकारांची वाटणी

रत्नागिरीत प्रोग्रामिंग शिकवताना पहिला गृहपाठ मी बहुधा आंब्यांचाच देतो: आंब्यांची संख्या दिली असता पाच डझनांच्या किती पेट्या भरतील आणि किती फळे सुटी उरतील, हे सांगणारा प्रोग्राम लिहावा. ६० ने भागायचे, एवढेच काम. पण ५९, ६० आणि ० आंबे दिल्यावर प्रत्येकाचा प्रोग्राम बरोबर उत्तर देतो का, हे वर्गभर हाताने तपासणे जिकिरीचे होते. ते संगणकावर सोपवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी छिद्रे पाडलेल्या पंचकार्डांवरचे प्रोग्राम तपासणाऱ्या व्यवस्थेचे वर्णन १९६० मध्येच प्रसिद्ध केले होते.

अशा प्रणालीत गुण मोजणे त्या मानाने सोपे; कोणाला काय करता यावे, हे ठरवणे कठीण. विद्यार्थ्याला प्रश्न आणि नमुन्याच्या दोन-तीन चाचण्या दिसतात, बाकीच्या झाकलेल्या राहतात, नाहीतर तो आकडे पाहून उत्तरेच लिहून ठेवील. शिक्षक चाचण्या आणि मुदत ठरवतो, व्यवस्थापक खाती सांभाळतो. अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला जोडण्याच्या या पद्धतीची औपचारिक मांडणी डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये केली.

नाजूक जागा मदतनीसाची. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीमध्ये त्याच्यासाठी वेगळी भूमिकाच आहे: गुण देता येतात, गृहपाठ बदलता येत नाही. एकदा घाईत मी मदतनीसाला पूर्ण शिक्षकाचे अधिकार देऊन बसलो. अपेक्षित उत्तरातील ‘पेट्या २’ त्याला अपुरे वाटले, म्हणून त्याने ‘पेट्या: २’ केले, आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहणाऱ्या फेरतपासणीत त्या एका विसर्गासारख्या चिन्हापायी अख्खा वर्ग शून्यावर आला. चूक त्याची नव्हे, माझीच.

माझ्या मते मात्र सर्वांत कमी अधिकार द्यायला हवेत ते माणसाला नव्हे, विद्यार्थ्याने पाठवलेल्या प्रोग्रामला, कारण तो आपल्या सर्व्हरवर चालणारा परका पाहुणा असतो. म्हणून त्याला वेगळ्या बंदिस्त खात्यात चालवतात, नेटवर्क तोडतात, स्मृती आणि वेळ मोजून देतात, जेणेकरून न संपणारे लूप, म्हणजे त्याच आज्ञांची अखंड पुनरावृत्ती, काही सेकंदांत आपोआप थांबवले जाईल; अपेक्षित उत्तरांची फाइल त्या खात्याच्या आवाक्याबाहेर असते आणि तुलना दुसराच प्रोग्राम करतो. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी तक्रार घेऊन आला, की सर, सिस्टिम बिघडली आहे, ‘परवानगी नाकारली’ असे दाखवते. कोणती फाइल उघडत होतास, असे विचारल्यावर तो खिडकीबाहेरचा पाऊस पाहू लागला.