प्रोड्युसरचा अल्बम आणि डीजेचा मिक्स: कव्हरवर एकच नाव, काम मात्र वेगळं

स्क्रिलेक्स या अमेरिकन प्रोड्युसर-डीजेचा १ एप्रिल २०२५ला आलेला अल्बम पहिल्यांदा ऐकताना माणूस चक्रावतो. ३४ ट्रॅक आणि सगळे मिळून जेमतेम ४६ मिनिटं, म्हणजे एकेक ट्रॅक सरासरी दीड मिनिटाचाही नाही. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे स्क्रीनकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. मधूनमधून एक निवेदक जुन्या मिक्सटेपवर असायचा तसा जोरात ओरडून जातो. मग हा अल्बम आहे की डीजे मिक्स?

अल्बमच आहे. त्यातलं संगीत स्क्रिलेक्सने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतः घडवलेलं आहे. फक्त ते मिक्ससारखं वाजतं. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक नव्याने ऐकू लागलेल्यांना हमखास गोंधळात टाकणारी जोडी हीच. दोन्हींच्या कव्हरवर एकाच माणसाचं नाव असतं आणि दोन्हींमध्ये ठेका थांबत नाही. पण एकात त्या माणसाने संगीत रचलेलं असतं, तर दुसऱ्यात दुसऱ्यांचं संगीत निवडून जोडलेलं असतं. मला दोन्ही कला सारख्याच प्रिय आहेत. म्हणूनच कुठल्या कामाचं श्रेय कुणाचं हे नीट माहीत असावं असं मनापासून वाटतं.

गोंधळ किती सहज होतो हे पाहायचं असेल तर आर्मिन व्हान ब्युरेन या डच कलाकाराचं नाव फोनवर शोधा. ‘इमॅजिन’ (२००८) आणि ‘इन्टेन्स’ (२०१३) हे त्याचे स्वतःचे अल्बम. ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ (ट्रान्स हा तंद्री लावणारा नाचाचा संगीतप्रकार) हा त्याचा २००१पासून चालू असलेला रेडिओ कार्यक्रम, आणि त्याच नावाने २००४पासून वर्षाच्या क्रमाने येणारे मिक्सचे संग्रह. त्या संग्रहांत बहुतेक ट्रॅक इतर प्रोड्युसरांचे असतात. फोनच्या स्क्रीनवर मात्र सगळी कव्हरं एका रांगेत उभी, आणि सगळ्यांवर आर्मिनच.

आधी अल्बम कसा होतो ते पाहू. आपल्याकडे सिनेमाचा प्रोड्युसर पैसे घालतो. या संगीतातला प्रोड्युसर चाल बांधतो, वाद्यमेळ रचतो आणि आवाजसुद्धा स्वतः तयार करतो. साधी किक घ्या, म्हणजे छातीत बसणारा तो धप्प आवाज. ती किती कडक, किती खोल, किती वेळ रेंगाळणारी हवी यावर लोक दिवसचे दिवस घालवतात. मग बेस येतो. किक आणि बेस दोघंही खालच्या पट्टीत राहणारे, त्यामुळे एकत्र वाजले की एकमेकांना गिळतात. त्यावरचा सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे साइडचेन. किक पडली की बेसचा आवाज आपोआप दबतो आणि लगेच वर येतो. क्लबमधलं संगीत श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि ओसरतं ते बऱ्याचदा यामुळे. त्यावर सिंथेसायझरचे सूर, ध्वनिमुद्रणांतून कापून घेतलेले तुकडे म्हणजे सॅम्पल, गायकाचा आवाज. ‘वेक मी अप’ (२०१३) या गाण्यात आवाज अलो ब्लॅकचा आहे, पण गाणं अविची या स्वीडिश प्रोड्युसरच्या नावाने ओळखलं जातं. कारण ते जसं ऐकू येतं तसं त्याने घडवलं. सगळं झाल्यावर प्रत्येक आवाजाची पातळी जुळवायची, मग मास्टरिंग, म्हणजे पूर्ण गाण्याच्या आवाजावरून फिरवलेला शेवटचा हात. अशा दहाबारा गाण्यांमधून तो माणूस काय विचार करतो ते दिसायला लागतं, तेव्हा त्याला अल्बम म्हणावंसं वाटतं.

अल्बमला नाचाचं बंधनही नसतं. गाणं तीन मिनिटांत संपू शकतं, पुढचं एकदम संथ असू शकतं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने २०१३ साली ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ केला तेव्हा कॉम्प्युटर बाजूला सारून स्टुडिओत गिटार, ड्रम वाजवणारे कसलेले वादक बसवले. त्यात नाइल रॉजर्ससारखा डिस्कोच्या काळातला गिटारवादकही होता. २०१४च्या ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम तोच ठरला.

मिक्सची गोष्ट निराळी. डीजेच्या हातात येतात ते तयार ट्रॅक, तेही बहुतेकदा ‘एक्स्टेंडेड मिक्स’ असा शिक्का असलेले. त्यांच्या सुरुवातीला आणि शेवटाला बराच वेळ नुसता ताल असतो. घरी ऐकताना तो भाग कंटाळवाणा वाटतो, पण तो डीजेसाठीच ठेवलेला असतो. त्या जागेत तो पुढचा ट्रॅक सरकवतो. एक ट्रॅक मिनिटाला १२४ ठोक्यांचा आणि दुसरा १२७चा असेल तर पिच फेडर हलवून दोघांचा वेग एक करायचा. हेडफोनच्या एका कानात पुढचा ट्रॅक ऐकत त्याचा ठोका चालू ट्रॅकच्या ठोक्यावर बसवायचा. मात्रा मोजायच्या, कारण हे संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या आवर्तनात कूस बदलतं आणि नवा ट्रॅक समेवर आला नाही तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. दोन्हींचे बेस एकाच वेळी वाजले तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा बेस कापत दुसऱ्याचा उघडायचा. सूर जुळतात का तेही पाहायचं. आजची यंत्रं वेग आपोआप जुळवून देतात, त्यामुळे ‘डीजे नुसता बटण दाबतो’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. वेग जुळवणं हा त्यातला सोपा भाग. हजारो ट्रॅकांतून नेमका कुठला, आणि नेमका आत्ताच का, हे यंत्र सांगत नाही.

चांगला मिक्स हा दिवाळी अंकासारखा असतो. मजकूर लेखकांचा, पण कुणाला मागायचं, कुणाशेजारी कुणाला बसवायचं आणि वाचकाला कुठे नेऊन सोडायचं ही नजर संपादकाची. संपादकाला आपण मान देतो तसा डीजेलाही द्यावा. फक्त कथा त्याने लिहिली असं म्हणू नये.

दोन्ही बाजू एकाच माणसात पाहायच्या असतील तर पॉल ओकेनफोल्ड हा ब्रिटिश डीजे घ्यावा, आणि तिथे आपला गोवाही येतो. बीबीसी रेडिओ १वर १९९३पासून ‘इसेन्शियल मिक्स’ नावाचा दोन तासांचा कार्यक्रम आहे. डिसेंबर १९९४मध्ये ओकेनफोल्डने त्यात एक मिक्स वाजवला, तो ‘गोवा मिक्स’ म्हणून ओळखला जातो. हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या पार्ट्यांत घडलेला गोवा ट्रान्स त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय रेडिओवर नेला. त्याहून मोठी कमाल म्हणजे त्याच्या जोडीला सिनेमाचं पार्श्वसंगीत बसवलं. त्यात व्हँजेलिसचं ‘ब्लेड रनर’चं संगीतसुद्धा आहे. ठेका थांबतो, सिनेमातला गूढ सूर पसरतो आणि त्यातूनच पुढचा ट्रान्सचा ट्रॅक वर येतो. ते सूर ओकेनफोल्डचे नाहीत, ते तिथे आणून ठेवण्याची कल्पना त्याची. माझ्या लेखी ती त्याची सगळ्यात मोठी निर्मिती आहे.

त्यानंतर आठ वर्षांनी, २००२ साली, त्याचा स्वतःचा पहिला अल्बम ‘बंका’ आला. त्यात नेली फुर्टाडो, ट्रिकी, आइस क्यूब असे पाहुणे आणि गाण्याच्या आकाराची गाणी. ‘गोवा मिक्स’ ऐकून आलेल्याला हा वेगळाच माणूस वाटतो. लांबलचक चढणी नाहीत, दोन तासांचा प्रवास नाही. अल्बम वाईट मुळीच नाही, पण निवड करताना दिसणारी त्याची धार रचताना तेवढी जाणवत नाही. याच वर्षी साशा या ब्रिटिश डीजेचाही स्वतःचा पहिला अल्बम आला, ‘एअरड्रॉनडॅगर’. त्याचा आणि जॉन डिगवीडचा ‘रेनेसांस’ हा तीन सीडींचा मिक्स १९९४पासूनच गाजत होता. म्हणजे मिक्सवर नाव मिळवल्यानंतर अल्बमपर्यंत यायला दोघांनाही बराच काळ लागला. एक जमलं की दुसरं आपोआप जमतं असं नाही.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथल्या किनाऱ्यावर उन्हाने आणि दमट हवेने रेकॉर्ड वाकायच्या, प्रवासात त्यांचं ओझंही व्हायचं. म्हणून तिथले डीजे डॅटच्या, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपच्या, लहान कॅसेटींवर वाजवत. हौशी मंडळी एकमेकांना डॅटवर ट्रॅक उतरवून देत. पण डॅटच्या त्या यंत्रांवर वेग हवा तसा बदलता येत नसे, त्यामुळे वर सांगितलेलं ठोक्यावर ठोका बसवणं जवळजवळ अशक्य. मग एक ट्रॅक विरत जाई आणि दुसरा हळूहळू वर येई. गोवा ट्रान्सच्या ट्रॅकांना सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेले, नुसत्या तरंगत्या आवाजांचे लांब तुकडे असतात. त्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं. डीजेची अडचण अशी प्रोड्युसरच्या रचनेत उतरते, म्हणून या दोन कामांमधली भिंत पूर्ण पक्की कधीच नसते.

त्या भिंतीवर बसलेली कामंही आहेत. लंडनच्या फॅब्रिक क्लबच्या सीडी मालिकेत डीजेने इतरांचे ट्रॅक मिसळून द्यायचे अशी पद्धत होती. २००७ साली ३६व्या सीडीसाठी रिकार्डो व्हिलालोबोस या डीजे-प्रोड्युसरने सगळे ट्रॅक स्वतःचे आणि आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेले घेतले. मालिका मिक्सची, ऐकायला मिक्स, पण आत त्याचं नवंकोरं संगीत. डाफ्ट पंकचा ‘अलाइव्ह २००७’ हाही तसाच. पॅरिसच्या कार्यक्रमात त्यांनी आपलीच जुनी गाणी एकमेकांवर चढवून वाजवली. स्क्रिलेक्सचा अल्बम याच रांगेत बसतो. अविचीच्या ‘ट्रू’ (२०१३) या अल्बमनंतर पुढच्या वर्षी आलेला ‘ट्रू: अविची बाय अविची’ ही आणखी तिसरी जात, रीमिक्स अल्बम. त्यात गाणी तीच, घडण नवी.

आणि निखळ रचलेला अल्बम म्हणजे काय हे ऐकायचं असेल तर मुंबईतला एक सापडतो. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केला. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं: ८०८चा ताल, ३०३चा बेस, ज्युपिटर ८चे सूर. त्यावर भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. शिकागोत त्याच ३०३मधून ‘ॲसिड हाउस’ हा नाचाचा संगीतप्रकार घडला आणि १९८७ साली रेकॉर्डवर आला, तो या अल्बमनंतर पाच वर्षांनी. २०१०मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा तो खरोखर १९८२चा आहे का, अशी शंकाही घेतली गेली. चरणजित सिंग यांना उतारवयात युरोपात वाजवायला मिळालं. २०१५मध्ये ते गेले. सवड काढून त्यातला भैरव तरी ऐकाच. ताल यंत्राचा असूनही रागाची बढत कुठेही तुटत नाही.

आपल्या गल्लीतला हिशेब मात्र नेमका उलटा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतं ते बहुतेक मिक्स किंवा रीमिक्स असतं. जुनं कोळीगीत, लावणी किंवा भीमगीत घ्यायचं, त्याखाली जाड किक घालायची आणि दर अर्ध्या मिनिटाला ‘डीजे अमुक’ अशी आरोळी. ठेका बसवण्यात या पोरांचं कौशल्य खरंच दांडगं असतं, ते मी नाकारणार नाही. पण फाइलच्या नावात डीजेचं नाव, वर्ष आणि गावाचं नाव येतं. गीतकार, संगीतकार, गायिका यांचा पत्ता नसतो. नव्या पिढीतल्या कितीतरी जणांना ते गाणं त्या डीजेचंच वाटतं. मूळ माणसांचं नाव शेवटी एका ओळीत द्यायला पैसेही लागत नाहीत.

समोर आलेली गोष्ट अल्बम आहे की मिक्स, हे ओळखायला फार खटाटोप नको. ट्रॅकच्या नावापुढे कंसात ‘मिक्स्ड’ असेल आणि प्रत्येक ट्रॅकखाली कलाकाराचं वेगळं नाव असेल तर तो मिक्स. सगळ्या ट्रॅकांखाली तेच एक नाव, सोबत फारतर एखादा पाहुणा, तर अल्बम. काही ट्रान्स अल्बमांच्या शेवटी तासाभराचा एकच ‘कंटिन्युअस मिक्स’ जोडलेला असतो. ती तीच गाणी न थांबता ऐकायची सोय, वेगळी कलाकृती नव्हे. आणि क्रेडिट उघडून लेखन कुणाचं आणि निर्मिती कुणाची ते वाचलं की उरलेली शंकाही मिटते.

पैशाची वाटही दोन्हींकडे वेगळी आहे. अल्बमचे पैसे प्रोड्युसर, त्याची कंपनी, गीतकार, गायक यांच्यात करारानुसार वाटले जातात. सीडीच्या काळात मिक्स काढायचा तर त्यातल्या प्रत्येक ट्रॅकची परवानगी आधी घ्यावी लागे, आणि एखादी नाकारली गेली की डीजेला तो जोड पुन्हा बांधावा लागे. इंटरनेटवर आलेले कित्येक मिक्स परवानगीविनाच फिरले आणि मूळ प्रोड्युसरच्या हाती काहीच आलं नाही. २०२१मध्ये ॲपल म्युझिकने गाणं ओळखणाऱ्या शझॅम ॲपचं तंत्र वापरून मिक्समधले ट्रॅक ओळखायचे आणि डीजेबरोबर त्यांच्या हक्कदारांनाही पैसे द्यायचे अशी व्यवस्था जाहीर केली. इतर ठिकाणी मिक्स ऐकताना निदान ट्रॅकलिस्ट उघडावी, आवडलेल्या ट्रॅकचं नाव टिपून घ्यावं आणि तो ज्याने रचला त्याच्या पानावर जाऊन पूर्ण ऐकावा.