सुभग (पक्षी)

सुभग हा विदर्भातील पानझडी जंगलात आणि गावालगतच्या झाडीत बारमाही राहणारा लहान गायक पक्षी आहे. शास्त्रीय नाव एजिथिना टिफिया. ते 1758 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने दिलेल्या वर्णनावर आधारलेले आहे. पूर्वी सुभगांना हरेवा या हिरव्या पक्ष्यांच्या कुळात धरत. आता त्यांचे स्वतंत्र कुळ मानतात आणि त्यात चारच जाती आहेत. ही जाती भारत व श्रीलंकेपासून जावा-बोर्निओपर्यंत आढळते.

आकाराने चिमणीएवढा, लांबी सुमारे 14 सेंमी. विणीच्या काळात नराचे पोट हळदीसारखे पिवळे असते आणि काळ्या पंखांवर दोन पांढरे पट्टे उठून दिसतात. पाठ किती काळी हे प्रदेशानुसार बदलते. मादी हिरवट-पिवळी. वीण संपली की नराचाही रंग उतरतो आणि दोघांत गोंधळ होतो. अशा वेळी शेपटी पाहावी, कारण नराची शेपटी वर्षभर काळीच राहते. नवशिके त्याला हळद्याचे पिल्लू समजतात, पण हळद्या बराच मोठा असतो.

मेळघाट, ताडोबा, नागझिरा इथल्या जंगलात तो आहेच, पण त्याला घनदाट रानच हवे असे नाही. गावाची चिंच, कडुनिंब, नाल्याकाठचा करंज, धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बोर-बाभूळ एवढ्यावरही जोडीचे भागते. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीच्या टोकापर्यंत सरकत, प्रसंगी उलटा लटकून, पानांच्या खालच्या बाजूच्या अळ्या, कोळी आणि लहान किडे टिपतो. हिवाळ्यात इतर लहान पक्ष्यांच्या मिश्र थव्यांतही असतो.

पिवळाधमक असूनही पानांत तो सहज हरवतो. त्याची हजेरी कळते ती आवाजावरून. एक लांब, बारीक शीळ ताणत न्यायची आणि शेवटी एकदम खाली सोडायची, ही त्याची ओळखीची तान. याशिवाय किरकिर, चिवचिव आणि इतर पक्ष्यांच्या नकलाही. त्यात कोतवालाची नक्कल असते. त्यामुळे केवळ एका आवाजावरून नोंद करणाऱ्याची फसगत व्हायला वेळ लागत नाही.

वीण साधारण मे ते सप्टेंबर. मृगाच्या सरींनंतर रान हिरवे होते, साग नव्या पानांनी भरतो आणि त्या पानांवर अळ्या पडतात. वनविभागाच्या दृष्टीने ही सागावरची कीड. अळ्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र हा सुगीचा काळ. याच दिवसांत नराचे प्रणयनृत्य पाहावे. तो फांदीवरून थोडा वर उसळतो, पाठीची व कुशीची मऊ पिसे फुलवतो आणि गोल लोकरीच्या गुंड्यासारखा गिरक्या घेत खाली येतो. बसल्यावर पंख लोंबते सोडून, शेपूट पसरून मादीपुढे मिरवतो. हे सारे काही क्षणांचे असते.

घरटे म्हणजे फांदीच्या बेचक्यातली छोटी, घट्ट विणीची वाटी. मऊ गवत वापरून बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचा इतका नीट लेप दिलेला असतो की ती फांदीचीच गाठ वाटावी. अंडी दोन ते चार. ती नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. साप, सरडे, कावळे आणि भारद्वाज घरटी लुटतात. पट्टेदार तपकिरी रंगाची एक लहान कोकिळा तर आपले अंडेच सुभगाच्या घरट्यात घालते आणि ते पिल्लू वाढवायचे काम त्याच्यावर पडते.

जागतिक पातळीवर ही जाती संकटग्रस्त नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. विदर्भापुरता प्रश्न निराळा आहे. सुभगाला मानवणारी विरळ, काटेरी झाडी पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली आणि ही जमीन वन की पडीक, हा वाद अनेक दशके चालला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनच समजावी असा निर्णय दिला, मात्र जुन्या वापराखालील काही जमिनींसाठी सवलतीची वाटही ठेवली. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी मात्र या निर्णयाच्या बाहेरच राहतात. त्या ठेवायच्या की तोडायच्या, हे प्रामुख्याने शेतकऱ्याच्याच हाती असते.