अबॅकस आणि मनातली आकडेमोड

चौकटीतले मणी बोटांनी सरकवून बेरीज-वजाबाकी शिकायची, आणि सराव पुरेसा झाला की चौकट बाजूला ठेवून तिचे चित्र डोळ्यांपुढे आणून तेच हिशेब मनातल्या मनात करायचे, अशी ही शिक्षणपद्धती आहे. भारतात तिला नुसते 'अबॅकस' म्हणतात. जपानमध्ये, जिथे ती सर्वांत पद्धतशीरपणे घडली, मनातल्या आकडेमोडीला 'आन्झान' म्हणतात. आपल्याकडच्या क्लासांतील अबॅकस जवळजवळ नेहमी जपानी घडणीचा, म्हणजे 'सोरोबान' असतो. बालवाडीत दहा तारांवर दहा-दहा रंगीत मणी ओवलेली पाटी असते, ती वेगळी. त्या पाटीवर मणी मोजायचे असतात. सोरोबानवर मणी मोजावे लागत नाहीत, आणि पुढचे सगळे या फरकातून निघते.

सोरोबानच्या चौकटीत एक आडवी पट्टी असते आणि तिला छेदून जाणाऱ्या उभ्या काड्या. प्रत्येक काडीवर पट्टीच्या वर एक मणी, खाली चार. वरच्याची किंमत पाच, खालच्या प्रत्येकाची एक. पट्टीला टेकलेले मणीच धरायचे. एकही टेकलेला नसेल तर ते शून्य. उजवीकडून एकक, दशक, शतक अशी स्थाने. या मांडणीत ० ते ९ मधल्या प्रत्येक अंकाला एकच आकार मिळतो: सात म्हणजे वरचा एक आणि खालचे दोन, दुसरे काही नाही. माणसाला तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखता येतात, त्यापुढे मोजावे लागते. खाली चारच मणी असल्याने डोळ्यांवर कधीच याहून जास्त भार येत नाही. मूळ चिनी 'सुआनपान'वर वर दोन आणि खाली पाच मणी असतात. त्यावर दहा ही संख्या एकाहून अधिक प्रकारे मांडता येते, आणि सोळा भागांच्या जुन्या वजनांचे हिशेब करायला ती सोय उपयोगीही होती. जपान्यांनी आधी वरचा एक मणी काढला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खालचा पाचवाही. मन:चित्राच्या दृष्टीने ही काटछाट फार मोलाची ठरली.

चीनमध्ये छंग दावेइ याने १५९२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे मण्यांवरच्या गणिताच्या रीती घरोघरी पोचल्या. जपानमध्ये हे काम योशिदा मित्सुयोशी याच्या १६२७ च्या 'जिन्कोकी'ने केले. चिनी मणिगणिताचा युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सोरोबानची कीर्ती मात्र एका सामन्याने पसरली. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत टपाल खात्यातील कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन बसले आणि समोर अमेरिकी सैन्यातील टॉमस वुड विजेवर चालणारे गणनयंत्र घेऊन. सोरोबान ४-१ ने जिंकला. हरला तो फक्त गुणाकारात. आजही जपानी प्राथमिक शाळेच्या तिसरी-चौथीच्या अभ्यासक्रमात सोरोबानची तोंडओळख आहे, आणि खरे शिक्षण शाळेबाहेरच्या शिकवण्यांत, 'क्यू' आणि 'दान' या श्रेणींच्या परीक्षांतून चालते.

शिकवण्याची सुरुवात बोटांपासून होते. खालचे मणी वर ढकलायला अंगठा. ते खाली आणायला आणि वरच्या मण्यासाठी तर्जनी. हे फुटकळ वाटते, पण पुढे मणी नसतानाही हीच बोटे हवेत हलणार असल्यामुळे चांगले शिक्षक पहिल्या काही आठवड्यांत बोटांच्या सवयीबाबत कडक असतात. त्यानंतर येतात 'मित्र'. भारतीय क्लासांत पाचाच्या जोड्यांना (१ आणि ४, २ आणि ३) 'स्मॉल फ्रेंड' आणि दहाच्या जोड्यांना (७ आणि ३, ८ आणि २) 'बिग फ्रेंड' म्हणण्याची पद्धत आहे. मांडलेल्या तिनात चार मिळवायचे आहेत आणि खाली एकच मणी शिल्लक आहे, तर पाचाचा मणी खाली आणायचा आणि एक काढायचा. आठात सात मिळवायचे तर डावीकडच्या काडीवर दहा द्यायचे आणि इथून तीन काढायचे. सर्वांत अवघड जागा दोन्ही मित्र एकत्र येतात तिथे असते. सहात सात मिळवताना दहा द्यायचे आणि तीन काढायचे. पण सहामध्ये खाली एकच मणी आहे, म्हणून पाच काढून दोन परत द्यायचे. बरीच मुले इथे अडखळतात, आणि ही पायरी घाईने ओलांडली तर पुढचे सगळे डळमळीत राहते.

हिशेब डावीकडून उजवीकडे चालतो. ४७ मध्ये ३८ मिळवायचे असतील तर आधी तीन दशक: चारात तीन म्हणजे पाच देऊन दोन काढले, सात दशक झाले. मग आठ एकक: डावीकडे एक दिला, इथले दोन काढले. पट्टीला ८५ टेकलेले दिसते. शाळेत मात्र उजवीकडून सुरुवात करून हातचा घ्यायला शिकवतात. पहिली-दुसरीच्या मुलाला दोन्ही दिशा एकाच वर्षी शिकाव्या लागल्या तर ते गोंधळते. अबॅकस थोडा उशिरा, शाळेतला हातचा समजल्यावर सुरू केलेला मला बरा वाटतो, जरी क्लास पाचव्या वर्षापासून प्रवेश देत असले तरी.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जपानी शिक्षक संख्या ओरडून सांगतात, मुले ऐकता ऐकता मणी सरकवतात; '५७' ते 'गो-जू-नाना', म्हणजे पाच-दहा-सात असे म्हणतात, त्यामुळे कानावर येणारा क्रम आणि बोटांचा क्रम एकच असतो. 'सत्तावन्न' ऐकणाऱ्या मुलाला सात आधी ऐकू येतात आणि मांडायचे असतात आधी पाच. संख्या पुरी ऐकून, उलटी करून मग हात हलवावा लागतो. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेच्या अंगाने त्यावर पुष्कळ बोलले गेले. मण्यांच्या अंगाने पाहिले तर 'पन्नास सात' हे वाचन मुलाचे एक पाऊल वाचवते. उलट 'एकोणसाठ'सारखी नावे अबॅकसच्या विचाराच्या अगदी जवळची आहेत. नऊ मिळवणे म्हणजे दहा देऊन एक काढणे, आणि एकोणसाठ मिळवणे म्हणजे साठ देऊन एक काढणे. नावातच रीत सांगितलेली आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवणाऱ्याने याचा उपयोग जरूर करावा. सोरोबानच्या पट्टीवरचे ठिपके दर तीन काड्यांनी असतात, कारण ते हजारांच्या गटांसाठी आहेत. लाख-कोटी वाचणाऱ्या मुलांना हजारानंतरची स्थाने ठिपक्यांच्या आधाराशिवाय ओळखायला शिकवावे लागते.

चौकट दूर करण्याचा टप्पा हा या शिक्षणाचा गाभा आहे. आधी अबॅकस समोर ठेवून त्याला हात न लावता बघत हिशेब करायचा, मग त्याचे छापील चित्र समोर ठेवून, मग कोऱ्या टेबलावर बोटे हलवत, आणि शेवटी डोळे मिटून. मुलाच्या तोंडून आकडे येत नाहीत. ते मणी सरकताना 'पाहते' आणि शेवटी जे टेकलेले दिसते ते वाचून दाखवते. पुढच्या सरावात पडद्यावर क्षणभर झळकून जाणाऱ्या संख्यांची बेरीज असते. जपानमध्ये या प्रकाराला 'फ्लॅश आन्झान' म्हणतात.

आपल्याकडची पारंपरिक मनगणिताची रीत याहून पूर्ण वेगळी होती. बे एके बे पासून तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ही सगळी विद्या कानाची आणि जिभेची: ठेक्यात म्हणायची, रोज परवचा करायचा, आणि बाजारात सव्वापाच शेरांचा भाव विचारला की उत्तर आपोआप ओठांवर यायचे. अपूर्णांकांत ती फार बलवान होती. लांबलचक बेरजेत अबॅकस पुढे आहे. आणि अबॅकसने पाढ्यांची गरज संपत नाही, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. मण्यांवर गुणाकार करताना सात आठे छप्पन्न आधी पाठ असावेच लागते. मणी फक्त छप्पन्न योग्य स्थानी मांडून बेरीज करतात.

ही मुले खरोखर चित्र पाहतात का, याचा अभ्यास झालेला आहे. जपानमध्ये गियू हातानो आणि केइको ओसावा यांनी १९८३ मध्ये दाखवले की निष्णात मंडळींना अंकांच्या लांब ओळी ध्यानात राहतात, पण अक्षरे किंवा फळांची नावे दिली तर त्यांची स्मरणशक्ती इतरांसारखीच ठरते. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या मुलांवर केलेले काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेब करताना कानावरचे शब्द तोंडाने म्हणत राहायला सांगितले तरी बरीच मुले हिशेब करू शकत होती, म्हणजे त्यांचा हिशेब बोलण्यावर टेकलेला नव्हता. मन:चित्रात तीन-चार काड्यांपेक्षा जास्त एका वेळी मावत नाहीत, असेही दिसले. अबॅकसच्या मनातल्या बेरजांना एक मर्यादा का पडते त्याचे कारण हेच.

पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास वडोदऱ्यात झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शाळेतील २०४ मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटून तीन वर्षे एका गटाला अबॅकस आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ जादा गणित शिकवले. अबॅकसच्या गटाची आकडेमोड अधिक सुधारली. स्मरणशक्ती, एकाग्रता किंवा सर्वसाधारण बुद्धी यांत फरक पडलेला दिसला नाही. सुरुवातीलाच ज्यांची चित्ररूप स्मृती चांगली होती त्यांना लाभ अधिक झाला. जाहिरातींत 'मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात', 'सर्व विषयांत गुण वाढतात' असे छापलेले असते, त्याला या निष्कर्षांचा आधार नाही. अबॅकसने आकडेमोड येते, आणि तेवढ्यासाठीच तो शिकवावा; ते काही थोडे नव्हे. शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी, हे मणी सांगत नाहीत. ते वाचून, चित्र काढून, बोलूनच यायचे.

भारतात ही पद्धत फोफावली ती विसावे शतक संपताना, मुख्यतः मलेशियातून. तिथे १९९३ मध्ये सुरू झालेली 'यूसीमास' ही संस्था १९९९ मध्ये भारतात आली, आणि नंतर अनेक भारतीय संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावीही अबॅकसचे वर्ग दिसतात, बहुधा एखाद्या ताईंच्या घरच्या खोलीत. अभ्यासक्रम आठ-दहा पातळ्यांचा आणि दोन-तीन वर्षांचा असतो. वर्गात आठवड्यातून एकदोनदा जाऊन भागत नाही. रोज घरी पंधरा-वीस मिनिटे मणी हलले नाहीत तर मन:चित्र तयार होत नाही. सुरतच्या प्रियांशी सोमाणीने २०१० मध्ये, अकराव्या वर्षी, जर्मनीत माग्डेबुर्ग येथे मनगणिताची जागतिक स्पर्धा जिंकली. तिचा पाया अबॅकसचा होता. २०२२ मध्ये तीच स्पर्धा महाराष्ट्रातल्या आर्यन शुक्लाने बाराव्या वर्षी जिंकली. अशी मुले विरळा. लहान वयात सेकंदांच्या शर्यतीत सगळ्यांनाच उतरवले की चुकणारे मूल गणितालाच घाबरू लागते, म्हणून अचूकपणा आधी आणि वेग नंतर हा क्रम शिक्षकाने सोडू नये.

अबॅकसचा एक उपयोग तर मन:चित्राच्या पलीकडचा आहे. दृष्टिहीन मुलांसाठी अमेरिकेत टेरेन्स क्रॅनमर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोरोबानला मागून मऊ अस्तर लावले, जेणेकरून बोटे फिरवून वाचताना मणी आपोआप घसरू नयेत. भारतातही अंध विद्यार्थ्यांना टेलर पाटीच्या जोडीने अबॅकस शिकवतात. टेलर पाटीवर प्रत्येक अंकासाठी धातूचा खिळा विशिष्ट कोनात बसवावा लागतो आणि उदाहरण मांडण्यातच वेळ जातो. अबॅकसवर तेच उदाहरण दोन बोटांत मांडून होते, आणि उत्तरही त्याच मण्यांवर हाताला लागते.