चोथ्याचा ढीग आणि वळणारी नदी

एक टन खनिज युरेनियम मिलमध्ये गेलं, तर साध्या प्रतीच्या खनिजातून युरेनियम निघतं जेमतेम एक-दोन किलो. दगड दळून त्याचं पीठ करायचं, बहुधा सल्फ्युरिक आम्लात भिजवायचं, विरघळलेलं युरेनियम वेगळं काढून वाळवायचं. हाती येते ती पिवळी भुकटी, म्हणजे यलोकेक. मागे उरलेल्या ओल्या पिठाला टेलिंग्ज म्हणतात. आपल्याकडचा नेमका शब्द चोथा.

उसाचा चोथा निरुपद्रवी असतो, हा नसतो. मिल फक्त युरेनियम उचलते. त्याच्या क्षयातून तयार झालेलं थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ पिठातच राहतं, आणि त्यांच्याबरोबर मूळ खनिजाच्या किरणोत्सारातला सुमारे ८५ टक्के वाटाही. या थोरियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, आहे सुमारे ७५ हजार वर्षं. मिल पंचवीस-तीस वर्षं चालते आणि बंद पडते. चोथा तिथेच राहतो. म्हणून अशा मिलचा पर्यावरणीय आढावा घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो चोथ्याच्या मुक्कामाचा.

या पिठाचा एक कण जवळून पाहू. रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो आणि त्याचं अर्धायुष्य असतं फक्त ३.८ दिवस. अखंड दगडात जन्मलेला बराचसा रेडॉन बाहेरची वाट सापडण्याआधीच दगडात संपून जातो. दगडाचं पीठ केलं की कणाच्या पृष्ठभागाजवळचा रेडॉन सहज निसटतो, हवेत मिसळतो, श्वासातून फुप्फुसात जातो. उपायही याच हिशेबातून निघतो. ढिगावर दाबून बसवलेल्या चिकणमातीचा जाड थर घातला की वायूची वाट लांबते आणि वर येईपर्यंत त्यातला बहुतेक संपलेला असतो. मातीला भेगा पडल्या, पावसानं धूप झाली, की सारा हिशेब कोसळतो. अमेरिकी नियम सांगतात की आच्छादन शक्य तिथे १००० वर्षं आणि निदान २०० वर्षं टिकलं पाहिजे. ७५ हजारांपुढे २००!

हे नियमही उशिरा आले. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनमध्ये हा चोथा भरावाची वाळू म्हणून हजारो घरांच्या पायाशी गेला. चोथ्याबद्दलचा कायदा झाला १९७८ मध्ये. पुढच्याच वर्षी, १६ जुलै १९७९ रोजी, न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथल्या मिलच्या चोथ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर आम्लधर्मी, किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं. त्या नदीवर नावाहो या मूळ अमेरिकी लोकांची गुरं पाणी पीत होती.

यूटा राज्यातल्या मोॲबचं प्रकरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. तिथली मिल १९५६ ते १९८४ चालली. मागे राहिला १ कोटी ६० लाख टनांचा ढीग, १३० एकरांवर पसरलेला, खाली कसलंही अस्तर नाही आणि कोलोरॅडो नदी अवघ्या साडेसातशे फुटांवर. १९८४ च्या पुरात पाणी ढिगाच्या पायथ्याला चढलं होतं. झिरपणारा अमोनिया काठच्या संथ पाण्यातल्या दुर्मीळ माशांच्या पिल्लांना मारक होता. तरीही १९९९ मधल्या अणुनियामक आयोगाच्या आढाव्यानं ढीग जागेवरच झाकायला हरकत नाही, असं म्हटलं. मालक कंपनीचं दिवाळं वाजलं होतं, आणि पुढे जबाबदारी अमेरिकी ऊर्जा खात्याकडे आली.

खात्यानं नोव्हेंबर २००४ मध्ये आढाव्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. पर्याय दोन प्रकारचे होते: ढीग जागेवर झाका, नाहीतर दुसरीकडे न्या. कोणता बरा, हे मसुद्यानं सांगितलंच नव्हतं. गावोगावी सुनावण्या झाल्या आणि हजारावर लेखी-तोंडी सूचना आल्या. वादाचा गाभा होता नदी. तिची चाल ढिगापासून दूर जाण्याची आहे, असं मसुदा धरून चालला होता. आक्षेप घेणाऱ्यांत यूटा राज्य होतं आणि खाली शेकडो मैलांवर दक्षिण कॅलिफोर्नियाला पाणी पुरवणारी संस्थाही होती. हजारो वर्षांच्या हिशेबात नदी कुठे वळेल याची हमी कोण देणार, असा त्यांचा सवाल. नदीकाठी वाढलेल्या कुणालाही तो लगेच पटेल. पात्र बदलणं हा नदीचा स्वभावच आहे.

अमेरिकी नियमांत तेव्हा एक चांगली तरतूद होती. आलेल्या आक्षेपांची दखल अंतिम अहवालात घ्यावीच लागे, आणि मुद्दा मान्य नसेल तर का नाही, हे लिहून द्यावं लागे. मोॲबच्या अंतिम अहवालात आक्षेप आणि उत्तरं यांना वेगळी जागा मिळाली. नदीच्या चालीबद्दलची अनिश्चितता खात्यानं कबूल केली आणि सप्टेंबर २००५ मध्ये निर्णय दिला: ढीग हलवायचा. जागा ठरली सुमारे ५० किलोमीटरवरचं क्रेसंट जंक्शन, जिथे जमिनीखाली शेल या गाळखडकाचा प्रचंड जाड थर आहे आणि जवळ नदी नाही. जागेवर झाकण्यापेक्षा हे कितीतरी महाग होतं. एप्रिल २००९ पासून झाकणबंद डब्यांतून आगगाड्या चोथा वाहू लागल्या आणि २०१६ मध्ये निम्मा ढीग हलला.

आपल्याकडे पर्यावरणीय आढाव्याबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, पण स्थानिक भाषेत फक्त अहवालाचा सारांश असला तरी चालतं. जैतापूर प्रकल्पाच्या वेळी, २०१० मध्ये, अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही ही गावकऱ्यांची तक्रार होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अणुखनिजांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून सूटच दिली. हे मला घातक वाटतं. झारखंडमधल्या जादुगोड्यात १९६० च्या दशकापासून युरेनियम काढलं जातंय. चोथ्याचे तलाव आदिवासी वस्त्यांच्या शेजारी आहेत. ओढ्याला पावसाळ्यात कुठवर पाणी येतं, उन्हाळ्यात कोणत्या वाऱ्यानं धूळ घरात येते, कोणत्या विहिरीचं पाणी जनावरं तोंडाला लावत नाहीत, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. संगणकाच्या प्रारूपात ते कुणीतरी सांगितल्याशिवाय येत नाही.

मोॲबच्या मसुद्यात आणखी एक पर्याय होता: ढीग दक्षिणेला व्हाइट मेसा मिलकडे न्यायचा, हवं तर पाइपलाइनीतून. तिथून काही मैलांवर यूट माउंटन यूट या मूळ अमेरिकी जमातीची वस्ती आहे. त्यांनी विरोध केला आणि तो पर्याय मागे पडला. मात्र ती मिल चालूच राहिली, आणि तिच्या परवान्यांवरच्या सुनावण्यांत त्या वस्तीतली माणसं आजही आपल्या भूजलाचे प्रश्न घेऊन उभी राहतात.