रबरी बुशला टेप लावल्याने पावडर कोटिंगच्या भट्टीत तो वाचतो का?

मोटारसायकलच्या चिमट्यातील (मागचे चाक धरणारा स्विंगआर्म) रबरी बुश (आतल्या पोलादी नळीभोवती रबर असलेला जोडभाग) न काढता त्यावर उष्णतारोधक टेप चिकटवली, की पावडर कोटिंगमध्ये (रंगाची कोरडी पावडर लावून भट्टीत पक्की करण्याच्या पद्धतीत) त्याला काहीही होत नाही, असा समज वाळूजपासून लातूरपर्यंत अनेक गॅरेजांत आढळतो. समज स्वाभाविक आहे, कारण भट्टीतून बाहेर आलेला बुश वरून जसाच्या तसा दिसतो.

टेप पावडर अडवते, उष्णता नाही. पावडर वितळून पक्की होण्यासाठी सुटा भाग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला, धातू त्या तापमानाला पोचल्यानंतरही १० ते २० मिनिटे ठेवावा लागतो. एवढ्या वेळात संपूर्ण चिमटा तापतो आणि ती उष्णता धातूतूनच रबरात शिरते. नैसर्गिक रबर १०० अंशांच्या पुढे झपाट्याने खराब होऊ लागते, शिवाय रबर आणि पोलादी नळी यांना जोडणारा थरही सुटू शकतो, आणि खरा धोका तोच आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

पडताळणीसाठी भट्टीतून आलेल्या बुशची आतली नळी हाताने पिळून पाहावी. ती रबरापासून सुटून फिरत असेल, किंवा रबर नखाने दाबल्यावर कडक लागून भेगा दाखवत असेल, तर तो बुश निकामी समजावा.

म्हणून बुश आधीच शेगड्यात (व्हाइसमध्ये) योग्य मापाच्या सॉकेटने दाबून काढावा, मोकळ्या भोकात सिलिकॉनचे बूच बसवावे (आतल्या भिंतीवर पावडरचा थर चढला तर नवा बुश नीट बसत नाही) आणि नवा बुश कोटिंग पूर्ण थंड झाल्यावरच दाबावा.